आधी वाळू, मग मासा

विस्कॉन्सिन नदी मिशिगनच्या सीमेवरच्या एका तळ्यातून निघते आणि सुमारे ६९० किलोमीटर वाहून मिसिसिपीला मिळते. वरच्या अंगाला धरणांची नुसती रांग आहे. प्रेअरी डू सॅकचं शेवटचं धरण मागे पडलं, की पुढचे १४८ किलोमीटर मात्र नदी मोकळी. मार्केट आणि जोलिए हे फ्रेंच प्रवासी १६७३ साली याच टप्प्यातून होड्या हाकत मिसिसिपीपर्यंत पोचले. आम्ही मॅडिसनची मंडळी तिथे उन्हाळ्यात कयाक आणि गळ घेऊन जातो. नव्याने जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी लिहून ठेवतो.

१. हवामान सगळेच बघतात, पाणी फारसं कुणी बघत नाही. मस्कोडा गावाजवळ सरकारी मापक आहे. सेकंदाला किती घनफूट पाणी जातंय ते घरबसल्या फोनवर दिसतं. आकडा फुगलेला असेल तर वाळूची बेटं पाण्याखाली, म्हणजे उतरायला जागा नाही. वर पाणी गढूळ. अशा वेळी बेत सरळ पुढे ढकलावा. आपल्याकडे ऊन असलं म्हणून फसू नये. पाऊस उत्तरेला पडतो आणि पाणी मागाहून येतं.

२. ही नदी म्हणजे सरकती वाळू. गेल्या खेपेला जिथे बसून जेवलात, तिथे या खेपेला डोह असू शकतो. पाण्याचा रंग दलदलीतल्या पाल्यापाचोळ्यामुळे कोऱ्या चहासारखा, त्यामुळे तळ दिसत नाही. मग वाचायचं कसं? पाण्याच्या पाठीवरून. बारीक, थरथरत्या लाटा दिसल्या की खाली वीतभर पाणी आणि वाळू. काळसर, संथ पट्टा दिसला की खोल पाणी. होडी तिथून न्यायची. वळणावर बहुधा बाहेरच्या अंगाने धार असते.

खरी मेख आहे ती पुळणीच्या खालच्या टोकाला. प्रवाह वाळू ढकलत आणतो आणि टोकावरून खाली ओततो. त्यामुळे घोट्याइतक्या पाण्यात चालणारा माणूस पुढच्याच पावलाला डोक्यावरच्या पाण्यात जातो, आणि मागे फिरायला जावं तर पायाखालची भुसभुशीत वाळू ढासळते. या नदीत बुडणारे पुष्कळदा होडीतून पडलेले नसतात, पुळणीवर पाय मोकळे करायला उतरलेले असतात. म्हणून लाइफ जॅकेट होडीतून उतरल्यावरही अंगावरच ठेवा. मुलांच्या बाबतीत तर यावर चर्चासुद्धा नको.

३. काठावरून पाण्यात आडव्या पडलेल्या झाडापासून लांब राहा. पाणी फांद्यांतून निघून जातं, माणूस अडकतो.

४. हात दोनच. एका वेळी वल्हं तरी मारा नाहीतर गळ तरी टाका. वाहत्या होडीतून गळ टाकत बसलेला माणूस हमखास झाडात जातो. थांबायचं असेल तर नांगर होडीच्या टोकाला बांधा, बाजूला कधीच नको. बाजूला बांधला की होडी प्रवाहाला आडवी होते, पाणी काठावरून आत येतं आणि पुढचं सगळं फार झटपट घडतं. माझं मत विचाराल तर नांगराच्या भानगडीत पडूच नये. पुळणीच्या वरच्या अंगाला होडी ओढून ठेवावी आणि पाय रोवून निवांत गरवावं.

५. मासा प्रवाहात उभा राहून दमत नाही, आडोशाला थांबतो. स्मॉलमाउथ बास खडकाच्या किंवा ओंडक्याच्या मागे, प्रवाहाकडे तोंड करून असतो. आमिष वरून वाहत त्याच्यापुढे आलं पाहिजे. प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाका आणि येऊ द्या. तो लागला की आधी पाण्याबाहेर उडी मारतो, तेव्हा दोरा ढिला सोडू नका.

चॅनल कॅटफिश हा आपल्या शिंगाळ्याचा भाऊबंद. खोल डोहात, संध्याकाळनंतर, साध्या गांडुळालाही येतो. गळ सोडवताना मात्र जपून. पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या पंखांत ताठ काटे असतात. तळहात पोटाखालून घालून बोटं काट्यांच्या मागे ठेवली, की तो गप्प राहतो.

आमचे भावोजी मालवणचे. सुट्टीला आले होते, तेव्हा पलीकडच्या होडीतल्या माणसाने छान मोठा बास धरला, फोटो काढला आणि सोडून दिला. भावोजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. “सोडूचो आसा तर धरूचो कित्याक?” मला काही उत्तर सुचलं नाही. आजही नाही.

६. नदी पश्चिमेकडे वाहते आणि दुपारचा वारा बऱ्याचदा पश्चिमेकडूनच येतो. पहाटे निघा.

७. सरकारी मालकीच्या पुळणींवर तंबू ठोकता येतो, त्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. काचेच्या बाटल्यांना मात्र नदीवर बंदी आहे. लोणच्याची बरणी घरी ठेवा, प्लास्टिकच्या डब्यात काढून आणा. झोपण्याआधी पाण्याच्या कडेला एक काठी रोवा. सकाळी काठी पाण्यात उभी दिसली तर नदी चढते आहे, चहा उरकून निघायचं. होडी रात्री वर ओढून झाडाला किंवा जड ओंडक्याला बांधलेलीच हवी. वरचं धरण पाणी सोडताना तुम्हाला विचारत नाही.

८. सोळा वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला मासेमारीचा परवाना लागतो, भारतातून आलेल्या पाहुण्यालाही. एका दिवसाचा मिळतो, फोनवरच काढता येतो. कुठला मासा कधी आणि केवढा ठेवायचा, याचे नियम निघण्यापूर्वी बघून घ्या. माशांत पारा असतो, म्हणून कुणी किती खावेत याचा सरकारी सल्ला आहे. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी तो अधिक कडक आहे, घरी कालवण करण्याआधी वाचा. काठावर आल्यावर होडीतलं पाणी ओतून टाका आणि चिकटलेलं शेवाळ काढा. परक्या वनस्पती आणि शिंपले एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाऊ नयेत म्हणून विस्कॉन्सिनमध्ये हा कायदाच आहे, आणि मोडला तर दंड होतो.