रिकामं घर म्हणजे अगदी रिकामं

श्टुटगार्टला बदली ठरली की चाकण-पिंपरीकडच्या कुटुंबांचे मला फोन येतात. पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, भाडं किती पडतं हो?" प्रश्न रास्त आहे. पण इथे बिऱ्हाड मांडून इतकी वर्षं झाल्यावर माझं मत असं, की भाड्यापेक्षा किल्ली मिळण्याच्या आगेमागचा पंधरवडा जास्त महागात पडतो. तेव्हा काय लिहून घेतलंत, पाटीवर कुणाकुणाची नावं लावलीत, यावर पुढची वर्षं सुखात जाणार की पत्रापत्रीत, ते ठरतं.

भाड्याचं आधी उरकते. जाहिरातीत दोन आकडे असतात. 'काल्टमीटे' हे नुसत्या जागेचं भाडं. 'वार्ममीटे'मध्ये हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई वगैरे अंदाजाने धरलेलं असतं. वीज आणि इंटरनेट बहुधा त्यातही नसतं. खरा हिशेब नंतर येतो आणि तो पाठवायला मालकाला हिशेबाचं वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांची मुदत असते. म्हणजे एका हिवाळ्यातल्या उबेचं बिल पुढचा हिवाळाही सरल्यावर येऊ शकतं. थोडे पैसे त्यासाठी बाजूला ठेवा. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकं घेता येतं आणि ते तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क कायद्यानेच दिलाय. 'तीन त्सिमर' म्हणजे आपला टू-बीएचके, कारण हॉलही खोलीत मोजतात. आणि मालक परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरिअरने येईल, असं कुणी लिहिलं तर उत्तरही देऊ नका.

आता रिकाम्या घराचं. आम्ही पोचलो नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, संध्याकाळी. साडेचारलाच अंधारलेलं. बटण दाबलं तर उजेड नाही, कारण छतातून नुसत्या वायरी लोंबत होत्या. स्वयंपाकघरात पाण्याचा नळजोड आणि शेगडीसाठीचं वायरीचं तोंड, बस्स. ओटा नाही, कपाटं नाहीत, बेसिनसुद्धा नाही. आधीचा भाडेकरू सगळं सोडवून घेऊन गेला होता आणि इथे ते अगदी रीतसर आहे. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे दुकानं बंद. दोन मुलं, चार बॅगा आणि स्टेशनवरचे ब्रेड-केळी, यावर तो रविवार निघाला. तेव्हा करारात 'आइनबाउक्युशे', म्हणजे बसवलेलं स्वयंपाकघर, लिहिलंय का ते बघा. नसेल तर आधीच्या भाडेकरूला विचारा. बरेचजण ते नव्या माणसाला विकून जातात. आणि कुटुंबासकट यायचं तर मंगळवारी-बुधवारी या. दिवे, पडदे, इंडक्शनची एक शेगडी, इतकी तरी सोय कामाच्या दिवसांत होते. रविवारी ड्रिल मात्र चालवू नका. शेजारी दार वाजवतील किंवा सरळ मालकाला कळवतील.

किल्ली घेताना 'यूबरगाबेप्रोटोकोल' नावाचा कागद भरतात. मालकाचा माणूस घाईत असतो, आपण थकलेले असतो, मुलं रडत असतात. तरी एकेक खोली फिरा. फरशीवरचा ओरखडा, खिडकीचा ढिला दांडा, न्हाणीघरातली तडकलेली टाइल, वीज-पाणी-हीटिंगच्या मीटरचे आकडे आणि किल्ल्यांची संख्या, सगळं लिहून घ्या आणि फोटो काढा. आमचं पहिलं घर सोडताना मालकाने लाकडी फरशीच्या ओरखड्यांचे पैसे डिपॉझिटमधून कापायला काढले होते. तेच ओरखडे त्या कागदावर त्याच्या माणसाच्या सहीनिशी होते, म्हणून विषय मिटला. किल्ल्यांचंही तसंच. पुष्कळ इमारतींत सगळ्या कुलपांची मिळून एकच व्यवस्था असते. एक किल्ली हरवली तर अख्ख्या इमारतीची कुलपं बदलायचा खर्च अंगावर येऊ शकतो. 'हाफ्टफ्लिष्ट', म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा विमा, काढताना किल्ली हरवणं त्यात धरलंय का, ते विचारा. दाराला बाहेरून फिरणारा दांडा नसतो, हेही मुलांना शिकवा. वाऱ्याने दार आपटलं की तुम्ही जिन्यात.

नावांचा गोंधळ आपल्याकडच्या कुटुंबांना हमखास भोवतो. जर्मन पत्त्यात सहसा फ्लॅट नंबरच नसतो. पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो. माझं माहेरचं आडनाव पासपोर्टवर आणि पेटीवर फक्त नवऱ्याचं, त्यामुळे माझं टॅक्स नंबरचं पत्र परत गेलं. घरात जितकी आडनावं, तितकी सगळी पेटीवर आणि बेलवर पहिल्याच दिवशी लावा, कागदाच्या चिटोऱ्यावर का होईना. कारण आत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेच्या कचेरीत नोंदणी करावी लागते, त्यानंतर टॅक्स नंबर पोस्टाने येतो आणि पगार, मुलांची शाळा, पुढची सगळी कामं त्या नोंदणीला अडकलेली असतात. नोंदणीला घरमालकाची सही असलेलं राहत असल्याचं पत्र लागतं. २०१५ पासून ते बंधनकारक आहे. सुरुवातीला तात्पुरतं फर्निचरवालं घर घेत असाल तर हे पत्र मिळणार का, ते पैसे भरण्याआधी लेखी विचारा. शाळेचं म्हणाल, तर इथे प्राथमिक शाळा साधारणपणे पत्त्यावरून ठरते, म्हणून घर बघताना शाळाही बघून घ्या.

राहता राहिली बुरशी. आपला कुकर, फोडण्या, घरात वाळत घातलेले कपडे, सगळ्यांची वाफ थंड भिंतीवर जाऊन बसते. कपाटामागे काळे डाग पडतात आणि वाद सुरू होतो. मालक म्हणतो तुम्ही खिडक्या उघडत नाही, तुम्ही म्हणता भिंतच ओलसर. इथली रीत अशी, की दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, पाच-दहा मिनिटं, हीटर बंद करून. खिडकी दिवसभर तिरकी ठेवून उपयोग नाही. भिंती थंड होतात आणि ओल राहतेच. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आणा, चाळीस ते साठ टक्क्यांत ठेवा. कपाटं बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका. थंडीत खिडकी उघडायची म्हटलं की सासूबाईंचा जीव जातो, पण दुसरा इलाज नाही. भाडेकरू संघाचे सभासदही वाद पेटण्याआधीच व्हा. उशिरा गेलात तर त्या वादात त्यांच्याकडून पुरती मदत मिळेलच असं नाही.

आणि सही करताना करारात 'क्युंडिगुंग्सफरत्सिष्ट' हा शब्द शोधा. तो असेल तर ठरलेल्या मुदतीपर्यंत, कधी दोन वर्षं, कधी चार, तुम्हाला घर सोडता येत नाही. कंपनीने नेमणूक वर्षभराचीच दिली असेल तर ते कलम काढून घ्या, नाहीतर दुसरं घर बघा. तसं कलम नसेल तर नोटीस तीन महिन्यांची. पत्र कागदावर, तुमच्या सहीचं लागतं, ईमेल चालत नाही. चालू महिना धरायचा असेल तर ते तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत मालकाच्या हातात पडायला हवं. रजिस्टर पोस्टापेक्षा साक्षीदार घेऊन स्वतः त्याच्या पेटीत टाकलेलं बरं.