मणक्यातील सिमेंट आणि थांबण्याची शिस्त

वैतरणा ते बोईसर या पट्ट्यातील एखादी आजी अंगणात घसरून पडते किंवा पाण्याचा हंडा उचलताना तिच्या पाठीत कळ येते, आणि ती अंथरुणास खिळते. वयोमानाने ठिसूळ झालेला मणका दबून मोडलेला असतो. अशा वेळी कुटुंबीय आम्हांस दोन प्रश्न हमखास विचारतात : सिमेंट भरून मणका लगेच पक्का का करीत नाही? आणि ते सिमेंट बाहेर गळले तर? आम्ही हिशेबाची माणसे. तरीही तज्ज्ञांकडून समजून घेतलेले येथे सोप्या शब्दांत मांडत आहोत.

मोठी चीर न देता केवळ सुईवाटे मणक्यात सिमेंट भरण्याची ही पद्धत १९८४ साली फ्रान्समधील आमिएँ येथे प्रथम वापरली गेली. तिचे नाव व्हर्टिब्रोप्लास्टी. हे सिमेंट घरबांधणीचे नव्हे. भुकटी व द्रव मिसळून होणारे ते ॲक्रिलिक असून काही मिनिटांत घट्ट होते. ते फार पातळ असताना किंवा जोराने भरल्यास मणक्याच्या भेगेतून अथवा शिरेतून बाहेर जाते. बहुतेक वेळा त्याचा त्रास होत नाही. परंतु क्वचित मज्जारज्जू दबतो किंवा सिमेंटचा कण फुप्फुसापर्यंत पोहोचतो.

गळती टाळण्याचे उपाय साधे, पण शिस्तीचे आहेत. शस्त्रक्रियेपूर्वी तपासणीत मणक्याची मागील भिंत शाबूत आहे ना, हे पाहावे. सिमेंट टूथपेस्टइतके दाट होईपर्यंत थांबावे. खोली उष्ण असल्यास ते लवकर आळते व हाती वेळ कमी उरतो. म्हणून आपल्या किनारपट्टीच्या उन्हाळ्यात शस्त्रक्रियागृहातील वातानुकूलन ही चैन नव्हे. सिमेंट थोडे थोडे भरावे आणि सी-आर्म यंत्राच्या पडद्यावर बाजूने सतत पाहावे. ते मणक्याच्या मागील भागाकडे सरकू लागताच हात आवरावा. जास्त सिमेंट म्हणजे जास्त आराम, असे नसते. कायफोप्लास्टीत आधी फुग्याने पोकळी करून दाट सिमेंट कमी दाबाने भरतात. त्यात गळती कमी आढळते, मात्र खर्च बराच वाढतो.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे गरज नसताना सिमेंट न भरणे. २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. त्यांत सिमेंट भरलेल्या व केवळ तसा देखावा केलेल्या रुग्णांना मिळालेल्या आरामात लक्षणीय फरक आढळला नाही. ताज्या अस्थिभंगाच्या निवडक रुग्णांबाबत तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत. म्हणून प्रथम वेदनाशामके, पट्टा, थोडी विश्रांती व लवकर हालचाल. त्याने भागले नाही तरच पुढचा विचार, हा मार्ग आम्हांस योग्य वाटतो. हाडे बळकट करणारी औषधे मात्र दोन्ही मार्गांत आवश्यकच आहेत, अन्यथा दुसरा मणका मोडण्याचा धोका राहतो.

कुटुंबीयांस विनंती, की शस्त्रक्रियेनंतर पाय लुळे वाटणे, लघवी अडणे, छातीत दुखणे वा धाप लागणे यांपैकी काहीही दिसल्यास क्षणाचाही विलंब न लावता डॉक्टरांना कळवावे.

देणगीदारहो, सिमेंटची पिशवी हिशेबवहीत दिसते. ‘आता पुरे’ म्हणून थांबलेला हात दिसत नाही. आपल्या दानातून सी-आर्मचे चित्र स्वच्छ राहावे, वीज अखंड मिळावी आणि शल्यचिकित्सकास थांबण्याची मोकळीक असावी, हीच आमची नम्र अपेक्षा.