लॅपटॉप घेताना : नको असलेले सॉफ्टवेअर कसे टाळावे?

दहावी-बारावीचा निकाल लागला, पदविकेला किंवा अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला की घरात पहिला प्रश्न उभा राहतो तो लॅपटॉपचा. धायरी, नऱ्हे, वडगाव, आंबेगाव या परिसरात महाविद्यालये पुष्कळ असल्याने आपल्या सभासदांपैकी अनेकांच्या घरी हा प्रश्न दरवर्षी येतो. कोणी हप्त्यावर घेतो, कोणी भिशीचे पैसे त्यासाठी राखून ठेवतो. एवढ्या कष्टाच्या पैशातून आणलेली वस्तू पूर्णपणे आपली असावी, ही अपेक्षा रास्तच आहे. म्हणून या पाठात आपण एकाच बाबीचा विचार करू : यंत्रासोबत न मागता येणारे सॉफ्टवेअर.

१) हे सॉफ्टवेअर कोणते?

नवा लॅपटॉप उघडल्यावर तीन प्रकारच्या गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे कार्यप्रणाली, बहुधा विंडोज. ती फुकट नसते. तिचा परवाना यंत्राच्या किमतीतच धरलेला असतो. दुसरी म्हणजे ठरावीक मुदतीची सॉफ्टवेअरे : काही दिवस चालणारा अँटीव्हायरस वगैरे. मुदत संपली की ती पैसे मागतात. तिसरी म्हणजे खेळ, जाहिराती आणि कंपनीची स्वतःची किरकोळ साधने. दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारासाठी सॉफ्टवेअरवाले बरेचदा यंत्र बनविणाऱ्यालाच पैसे देतात. म्हणजे ग्राहकाची नजर आणि सवय येथे विकली जाते. यंत्राची मेमरी कमी असेल, तर हा भार लगेच जाणवतो.

हा केवळ जागेचा प्रश्न नाही. २०१४ मध्ये लेनोवो कंपनीने काही लॅपटॉपमध्ये ‘सुपरफिश’ नावाचे जाहिरातीचे सॉफ्टवेअर आधीच घातले होते. त्यामुळे बँकेच्या संकेतस्थळाशी होणारा सुरक्षित व्यवहारही उघडा पडण्याचा धोका निर्माण झाला. फेब्रुवारी २०१५ मध्ये हा प्रकार जगापुढे आला. पुढे २०१७ मध्ये अमेरिकेतील ३२ राज्यांशी कंपनीला ३५ लाख डॉलरची तडजोड करावी लागली.

२) कायदा काय सांगतो?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘निर्बंधित व्यापार पद्धती’ची व्याख्या आहे. एक वस्तू हवी असेल तर दुसरी घेतलीच पाहिजे, अशी अट त्या व्याख्येत येते. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. मोबाईलमध्ये गूगलची ॲप्स एकगठ्ठा घालण्याची सक्ती, हा त्यातील एक मुख्य मुद्दा होता. २९ मार्च २०२३ रोजी अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, मात्र आयोगाचे काही निर्देश रद्द केले.

परदेशातील निकाल दोन्ही बाजूंचे आहेत. इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये, विंडोज नको असलेल्या ग्राहकाला त्याची किंमत परत मिळावी, असा निर्णय एचपी कंपनीविरुद्ध दिला. उलट २०१६ मध्ये फ्रान्समधील एका ग्राहकाच्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने सांगितले, की सॉफ्टवेअरसह यंत्र विकणे एवढ्यानेच अनुचित ठरत नाही. यावरून बोध एवढाच, की खरेदीनंतर भांडणे लांबचे असते. पैसे देण्यापूर्वी विचारलेला प्रश्न अधिक उपयोगी पडतो.

३) खरेदीपूर्वी

प्रथम अभ्यासक्रमाला काय लागते ते शिक्षकांना विचारावे. ऑटोकॅड किंवा टॅली शिकायचे असेल, तर विंडोज लागेलच. तेथे हट्ट धरू नये. प्रोग्रॅमिंग, लेखन, हिशेबाचे तक्ते, ऑनलाइन वर्ग यांना लिनक्स पुरते. लिनक्स १९९१ पासून वाढत आले असून ते विनामूल्य मिळते. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेने ‘बॉस’ ही भारतीय भाषांना अनुकूल लिनक्स प्रणाली तयार केली आहे. केरळमधील सरकारी शाळांत अनेक वर्षे लिनक्सवरच शिकवले जाते.

लिनक्स चालणार असेल, तर दुकानात ‘डॉस’ किंवा लिनक्ससह मिळणारे मॉडेल मागावे. सर्वच मॉडेल तसे मिळत नाहीत. पण मिळाले तर परवान्याचे पैसे वाचतात. वाय-फाय, आवाज व कॅमेरा चालतो की नाही, हे लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून, काहीही न बसवता, तपासता येते. दुकानदाराला तशी विनंती करावी.

येथे एक सावधगिरी. ‘डॉसवाला घ्या, विंडोज आम्ही टाकून देतो’ असे कोणी म्हणाले, तर परवान्याची पावती मागावी. चोरीच्या प्रतीतून घातक प्रोग्रॅम यंत्रात शिरू शकतात. शिवाय न दिलेले घेऊ नये, हे पंचशील आपण रोज म्हणतो. ते संगणकालाही लागू आहे.

बिलावर मॉडेल क्रमांक, मेमरी, कार्यप्रणाली व वॉरंटी स्पष्ट लिहून घ्यावी.

४) खरेदीनंतर

विंडोजसह घेतला असेल, तर पुढील क्रम ठेवावा.

(अ) पहिल्या दिवशीच सेटिंग्जमधील ॲप्सची यादी पाहावी व नको ते अनइन्स्टॉल करावे. ज्याचे काम कळत नाही, त्याला हात लावू नये.
(आ) मुदतीचा अँटीव्हायरस काढल्यास विंडोजचा स्वतःचा संरक्षक सुरू झाला आहे, याची खात्री करावी.
(इ) संपूर्ण स्वच्छ यंत्र हवे असेल, तर ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साधनाने विंडोज घेऊन पुन्हा बसवावे. परवान्याची किल्ली बहुतेक नव्या यंत्रांच्या आतच नोंदलेली असते, त्यामुळे पुन्हा पैसे पडत नाहीत.
(ई) त्यापूर्वी आपल्या फायली, ड्रायव्हर व एन्क्रिप्शनची रिकव्हरी किल्ली दुसरीकडे जपावी. वॉरंटीच्या अटीही वाचाव्यात.

जुना लॅपटॉप असलेल्यांनी लक्षात ठेवावे, की विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. असे यंत्र भंगारात देण्याआधी त्यावर लिनक्स बसवून पाहावे. धाकट्या भावंडांचा अभ्यास त्यावर होऊ शकतो.

५) तक्रार असल्यास

बिलात एक व यंत्रात दुसरे असे आढळल्यास प्रथम दुकानदाराला लेखी कळवावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीस शुल्क नाही आणि वकील देणे सक्तीचे नाही.

ज्याला आपल्या यंत्रात काय आहे ते कळते, त्याला कोणी सहज फसवू शकत नाही. आमची विद्यार्थ्यांना विनंती, की हा पाठ घरातील वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावा आणि लॅपटॉप घ्यायला जाताना सोबत न्यावा.

अभ्यासासाठी प्रश्न

१. यंत्रासोबत येणाऱ्या सॉफ्टवेअरचे तीन प्रकार सांगा.
२. आपल्या अभ्यासक्रमातील कोणती कामे लिनक्सवर होतील व कोणती होणार नाहीत, याची यादी करा.
३. बिलावर कोणत्या चार बाबी लिहून घ्याव्यात?