बंद दाराआडच्या नोंदी : जुन्या संगणक-प्रणालीतील पोर्टची जोडणी

शाळा असो, पतसंस्था असो वा दवाखाना. जुन्या संस्थेच्या कार्यालयात एखादा झाकून ठेवलेला संगणक आढळतोच. त्यातील डॉसवरचा प्रोग्राम आजही चोख काम करतो, परंतु यंत्र मात्र थकलेले असते. दाखल्यांची मूळ नोंदवही कागदाची असली, तरी नाव शोधण्याची सूची आणि दुय्यम प्रत छापण्याची सोय त्याच यंत्रात अडकलेली असते. दाखल्यावाचून एखाद्याचा प्रवेश वा नोकरी खोळंबू शकते, हे आपण सारे जाणतो. म्हणून असे प्रोग्राम नव्या संगणकावर कसे चालवावेत, याचा आम्ही काही माजी विद्यार्थ्यांनी अभ्यास केला. त्याचे सार येथे मांडीत आहोत.

६४ बिटांच्या विंडोजवर डॉसचे प्रोग्राम थेट चालत नाहीत. त्यासाठी इम्युलेटर, म्हणजे जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम लागतो. २००२ पासून उपलब्ध असलेला डॉसबॉक्स हा त्यांतील सर्वपरिचित होय. त्यात जुना प्रोग्राम पडद्यावर दिसू लागतो आणि आपल्याला हायसे वाटते. पण छपाईची आज्ञा देताच काहीच घडत नाही. दोष प्रोग्रामचा नसतो. नकली संगणकाची दारे खऱ्या जगाकडे उघडलेलीच नसतात.

ही दारे म्हणजे पोर्ट. जुन्या संगणकात प्रत्येक पोर्टला ठरलेला पत्ता असे. पहिल्या सिरियल पोर्टचा, म्हणजे कॉम१ चा पत्ता ३एफ८ आणि इंटरप्ट ४. छपाईच्या एलपीटी१ चा पत्ता ३७८. डॉसचे अनेक प्रोग्राम या पत्त्यांशी थेट बोलत. आजचे विंडोज तशी मुभा देत नाही. त्यामुळे मधल्या दुभाष्याचे काम इम्युलेटरला करावे लागते, आणि कोणते नकली दार कोणत्या खऱ्या दाराला जोडायचे, हे त्याला आपणच सांगावे लागते.

प्रथम सिरियल पोर्ट पाहू. डॉसबॉक्सच्या मांडणी-फाइलमध्ये ‘सिरियल१’ या नावापुढे मुळात ‘डमी’ असे लिहिलेले असते; म्हणजे दार आहे, पण पलीकडे भिंत आहे. तेथे ‘डायरेक्टसिरियल’ लिहून पुढे ‘रिअलपोर्ट’ म्हणून खऱ्या पोर्टचे नाव द्यावे. यूएसबीला जोडलेल्या सिरियल केबलला विंडोज कॉम३, कॉम४ असा कोणताही क्रमांक देते. तो डिव्हाइस मॅनेजरमध्ये पाहून घ्यावा. प्रोग्रामला मात्र ते कॉम१ च वाटते.

यंत्र जोडण्यापूर्वी केबलची परीक्षा करावी. नऊ पिनांच्या जोडणीतील २ क्रमांकाची पिन माहिती घेते व ३ क्रमांकाची पाठविते. या दोन्ही तारेने जोडून एखाद्या टर्मिनल प्रोग्राममधून अक्षरे पाठवावीत. तीच परत आली, तर मार्ग मोकळा आहे. त्यानंतरही अक्षरे विचित्र दिसली, तर दोन्ही बाजूंचा वेग, उदाहरणार्थ ९६००, जुळतो का ते तपासावे. अक्षरे मध्येच गळत असतील, तर ‘आरएक्सडिले’ची किंमत वाढवावी.

छपाईची वाट निराळी आहे. मूळ डॉसबॉक्समध्ये पॅरलल पोर्टची सोय नाही. डॉसबॉक्स-एक्स या त्याच्या विस्तारित रूपात ती आहे. त्यात ‘पॅरलल१’पुढे ‘प्रिंटर’ लिहिल्यास नकली डॉट मॅट्रिक्स प्रिंटर तयार होतो व पानाचे चित्र संगणकात साठते. ते कोणत्याही आधुनिक प्रिंटरवर छापता येते. ‘फाइल’ लिहिल्यास प्रिंटरकडे जाणारा मजकूर जसाच्या तसा फाइलमध्ये उतरतो.

काही मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. यूएसबीला लावलेली प्रिंटरची केबल ३७८ या पत्त्यावर दिसत नाही. म्हणून पॅरलल पोर्टवर कुलूप लावणारे प्रोग्राम तिच्यावर चालत नाहीत. मराठीसाठी वापरले जाणारे पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड संगणकाच्या आतील खाचेत बसत असे. इम्युलेटरमध्ये ते कार्ड नाही, त्यामुळे मराठी नावांच्या जागी अगम्य चिन्हे उमटतात. तेव्हा घाबरून माहिती पुसू नये. इस्की या १९९१ च्या भारतीय मानकानुसार ती नावे साठविलेली असतील, तर त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर होऊ शकते.

शेवटी एक कळकळीची विनंती. डॉसबॉक्स मुख्यतः जुने खेळ चालावेत म्हणून निर्माण झाला आहे. त्यावर रोजचा कारभार कायमचा सोपवू नये. आधी जुन्या डिस्कच्या दोन प्रती काढाव्यात, प्रयोग प्रतीवरच करावा, आणि दार उघडताच नोंदी बाहेर काढून नव्या स्वरूपात जतन कराव्यात. आपल्यापैकी ज्यांना हे काम अवगत आहे, त्यांनी सुट्टीतला एखादा दिवस जवळच्या संस्थेच्या कार्यालयात अवश्य घालवावा. जुने यंत्र अजून सुरू होते आहे, तोवरच हे काम सोपे आहे.