जुन्या संगणकांना बिनतारी जोड : एक अभ्यास

इतिहासाच्या शिक्षकाने संगणकाचे कॅबिनेट उघडून बसावे, हे काही वाचकांना वावगे वाटेल. परंतु साधन जुने झाले म्हणजे निकामी झाले, असे इतिहासही सांगत नाही. ‘कार्यालयातले जुने संगणक शाळेला पाठवू का, सर?’ असे माजी विद्यार्थी आपुलकीने विचारतात. ही यंत्रे चालू असतात. मात्र त्यांत वाय-फाय नसते. राउटर इमारतीच्या एका टोकाला आणि संगणक-कक्ष दुसऱ्या टोकाला असला की चालू यंत्रही नुसते टंकलेखनाचे साधन होऊन बसते. मग शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी विद्यार्थ्याला बाहेर जाऊन, पैसे मोजून रांगेत उभे राहावे लागते. हा अडसर काही शे रुपयांच्या कार्डाने दूर होऊ शकतो. तथापि, कार्ड घेण्यापूर्वी काही गोष्टी जाणून घेणे अगत्याचे आहे.

पहिली गोष्ट स्लॉटची. कार्ड बसवण्यासाठी मदरबोर्डवर लांबट खाचा असतात. १९९२ साली आलेला पीसीआय आणि २००३ साली आलेला पीसीआय एक्स्प्रेस, असे त्यांचे दोन प्रकार जुन्या यंत्रांत आढळतात. एकाचे कार्ड दुसऱ्यात बसत नाही. हा धडा मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. कॅबिनेट न उघडताच मी एकदा पीसीआय एक्स्प्रेसची चार कार्डे मागवली. यंत्रांत निघाले केवळ पीसीआय. मुले सभोवती उत्सुकतेने उभी आणि सरांच्या हातातले कार्ड कुठेच बसेना! कॅबिनेट सडपातळ असेल तर कार्डाची धातूची पट्टीही आखूड लागते. स्लॉट रिकामा नसेल तर यूएसबीत खोचायचे छोटे उपकरण हा सोपा पर्याय आहे.

दुसरी गोष्ट पिढीची. ८०२.११ या बिनतारी मानकाची पहिली आवृत्ती १९९७ ची. १९९९ ची ‘बी’ पिढी सेकंदाला ११ मेगाबिट, २००३ ची ‘जी’ ५४, तर २००९ ची ‘एन’ साध्या कार्डावरही १५० मेगाबिटपर्यंत वेग सांगते. प्रत्यक्ष वेग बराच कमी मिळतो; तरी शालेय कामाला ‘एन’ पुरते. वेगाहून महत्त्वाची आहे सुरक्षा. डब्ल्यूईपी ही जुनी संकेतपद्धत केव्हाच भेदली गेली आहे. म्हणून कार्डाला किमान डब्ल्यूपीए२ चालते ना, हे पाहावे. स्वस्त कार्डे बहुधा २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. त्यामुळे राउटरवर तो पट्टा सुरू असावा. भिंती ओलांडण्यास तोच अधिक उपयोगी पडतो.

बसवण्याची रीत साधी आहे. वीजजोड काढावा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करून अंगातील स्थिर वीज घालवावी, कार्ड कडेने धरून सरळ दाबावे आणि स्क्रू आवळावा. खरी अडचण पुढे येते. ड्रायव्हर घेण्यासाठी इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर! त्यासाठी तो आधीच पेन ड्राइव्हवर आणून ठेवावा, अथवा मोबाइल यूएसबी वायरने जोडून तेवढ्यापुरते इंटरनेट घ्यावे. अँटेना कॅबिनेटच्या मागे, भिंतीकडे दडपली जाते. संगणक थोडा वळवून ठेवला तरी संकेत सुधारतो.

अर्थात, कार्डाने यंत्र तरुण होत नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्याहून जुन्या विंडोजवर इंटरनेट जोडणे म्हणजे दार उघडे ठेवून झोपणे होय. अशा यंत्रावर हलकी लिनक्स प्रणाली घालणे श्रेयस्कर. अनेक कार्डांचे ड्रायव्हर तीत आधीच असतात.

म्हणून दात्यांना नम्र विनंती : संगणक पाठवण्यापूर्वी कॅबिनेट उघडून स्लॉटचे छायाचित्र घ्यावे, मेमरी किती आहे ते कळवावे आणि आपली खाजगी माहिती पूर्णपणे पुसून टाकावी. एवढे केल्यास आपले दान अडगळीत न पडता एखाद्या मुलीच्या अर्जापर्यंत, तिच्या अभ्यासापर्यंत पोहोचेल.