तांबडा चंद्र आणि सई

सातारा,
12 सप्टेंबर 2025

चि. मधुरास,


वहिनींचा फोन आला होता. रविवारी रात्री सईनं खिडकीतून तांबडा चंद्र पाहिला, "आई, त्याला रक्त आलंय का?" म्हणून विचारलं, आणि तू धपाटा घालून खिडकी लावलीस म्हणे. वर ‘ग्रहण बघितलं की डोळे जातात’ हेही सांगितलंस. वहिनी कौतुकानं सांगत होत्या. मला काही झोप लागली नाही.

अगं, बी.एस्सी. झालेली तू! दाभोलकरांच्या साताऱ्यात वाढलीस. तुमच्या सांगलीकडच्याच इस्लामपुरात 2020 च्या सूर्यग्रहणात एका गरोदर बाईनं अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या पुढाकारानं भाजी चिरून दाखवली, आणि तू पोरीला साधा चंद्र बघू देत नाहीस? डोळे जपायचे ते सूर्यग्रहणात. चंद्रग्रहण उघड्या डोळ्यांनी खुशाल बघावं. पाण्यात तुळशीपत्र ठेव, सासूबाईंचं मन मोडू नकोस, त्याला माझी ना नाही. पण पोरीनं विचारायचंच सोडलं तर?

तिला सांग, पृथ्वी मध्ये आली की चंद्र तिच्या सावलीत जातो. तरी पृथ्वीभोवतीच्या हवेतून थोडा उजेड वळून तिथं पोचतोच. निळा वाटेत विखुरतो, तांबडा तेवढा उरतो. हवेत धूळ-राख जास्त असेल तर तोही अडतो. 1991 मध्ये फिलिपिन्सचा पिनाटुबो ज्वालामुखी फुटला, तर 1992 च्या डिसेंबरातल्या खग्रासात चंद्र अगदी काळवंडला होता.

नुसतं सांगूही नकोस. काचेच्या ग्लासात पाणी घे, दुधाचे थेंब टाक आणि अंधारात मोबाइलची टॉर्च मागून धर. बाजूनं पाणी निळसर दिसेल, समोरून उजेड नारिंगी. दूध जपून टाक, नाहीतर सगळं पांढरंफटक. मग ती म्हणेल, दर पौर्णिमेला का नाही? चंद्राची वाट पाच अंशांनी कललेली आहे, बहुतेकदा तो सावलीच्या वरून नाहीतर खालून निघून जातो. तिनं हे विचारलं नाही, तर मात्र मला लगेच फोन कर.

माझंच बघ ना. 1980 च्या फेब्रुवारीत कारवारकडे खग्रास सूर्यग्रहण होतं. आपला अण्णा मित्रांबरोबर निघाला, मला "चल" म्हणाला. तुझ्या पणजीनं डोळे वटारले आणि मी राहिले, दारं लावून जप करत. परत आल्यावर तो दिवसाढवळ्या दिसलेल्या चांदण्यांबद्दल बोलायला लागला की मी उठून आत जायची. अजून जाते.

धपाट्याचं फार मनावर घेऊ नकोस. दिवसभर बँक, सासूबाईंचे गुडघे, रात्री पोर जागी. कुणाचंही डोकं फिरेल. आणि तूही भ्यायली असशील. लहानपणी ग्रहणात माझ्या पदराखाली शिरून बसायचीस.

मार्चमध्ये होळीच्या सुमाराला पुन्हा ग्रहण आहे, पण आपल्याकडे चंद्र उगवेपर्यंत ते सुटतच आलेलं असेल. खग्रास पुरतं दिसेल ते 31 डिसेंबर 2028 च्या रात्री. तेव्हा सगळे इकडे या, गच्चीवर गाद्या घालीन.

तोवर थांबू मात्र नका, दिवाळीत या. खोकला गेला का तुझा? सईसाठी कंदी पेढे पाठवतेय. त्यातले दोन तू आधीच काढून घे, तिच्या हाती डबा गेला की तुला काही मिळायचं नाही.

तुझी,
आत्या