कॉइल बदलण्याआधी दिवा लावून पाहा

जुन्या पॉइंटवाल्या पेट्रोल ट्रकला स्पार्क येत नसला की लगेच नवी कॉइल बसवू नये. दोष तसाच राहून गिऱ्हाइकाचे पैसे वाया जातात. टेस्ट-लॅम्पचे एक टोक बॉडीला, दुसरे कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडील टर्मिनलला लावून स्टार्टर मारावा.

१) दिवा उघडझाप करतो : पॉइंट काम करतात. कॉइल, कंडेन्सर, रोटर, कॅप तपासा.

२) सतत पेटतो : पॉइंट मिटत नाहीत किंवा जळाले आहेत. साफ करून फट गाडीच्या पुस्तकाप्रमाणे ठेवा.

३) पेटतच नाही : स्विच चालू ठेवून कॉइलचे दुसरे टर्मिनल पाहा. तेथेही अंधार असेल तर दोष स्विच-वायरिंगचा. उजेड असेल तर डिस्ट्रिब्युटरची वायर सोडून पहिल्या टर्मिनलवर पुन्हा पाहा. आता पेटला तर पॉइंट वा कंडेन्सर शॉर्ट. न पेटल्यास मात्र कॉइल खरोखरच निकामी.